फेस आला म्हणजे मळ गेला असं नाही

सिंक तुंबलं की हल्ली सल्ला ठरलेला: ‘केमिकल’ नको, चार चमचे खाण्याचा सोडा टाका आणि वरून कपभर व्हिनेगर ओता. मीही हे केलंय. फसफस आवाज होतो, जाळीतून पांढरा फेस वर चढतो आणि आपण कौतुकाने बघत उभे राहतो. दोन मिनिटांत फेस बसतो. पाणी होतं तिथेच असतं. शेवटी रबरी पंपाने चार दणके दिले, तेव्हा केसांचा आणि साबणाच्या गाळाचा एक गोळा वर आला आणि पाणी घळाघळा निघून गेलं.

त्या फेसाचा हिशोब एकदा मांडून बघा. सोडा अल्कली, व्हिनेगर आम्ल. दोघं भेटले की एकमेकांना मारतात. एक मोठा चमचा, म्हणजे साधारण १४ ग्रॅम सोडा पुरता मारायला ५ टक्क्यांचं व्हिनेगर सुमारे २०० मिलिलिटर लागतं. त्यातून जवळजवळ ४ लिटर कार्बन डायऑक्साइड निघतो आणि सिंक उघडंच असल्याने हवेत जातो. मागे उरतं सोडियम अ‍ॅसिटेट विरघळलेलं पाणी. ते ना तेलकटपणा काढतं, ना क्षार. सोडा एकटा कामाचा, व्हिनेगर एकटं कामाचं. एकत्र केले की दोघांचीही मेहनत फुकट. हेच मिश्रण ‘घरगुती क्लीनर’ म्हणून बाटलीत भरून कुणी झाकण घट्ट लावलं, तर तो वायू बाटली फोडूनच बाहेर येईल.

घरासाठी, बागेसाठी, अंगाला लावण्यासाठी कमी रसायनांचे पर्याय शोधणाऱ्यांची गाडी बहुतेक इथेच अडते. कृती हाताशी असते, पण ती कशावर चालते हे कुणी सांगितलेलं नसतं. ते एकदा कळलं की पाचपन्नास कृती लक्षात ठेवाव्या लागत नाहीत.

त्याआधी ‘केमिकल’ या शब्दाचं बघू. १८२८ साली फ्रीडरिश व्होलर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने अमोनियम सायनेटपासून युरिया तयार केला. तोवर युरिया ही सजीवांच्या शरीरातच होणारी वस्तू मानली जायची. काचेच्या भांड्यातला युरिया आणि मूत्रातला युरिया यांत काडीचाही फरक निघाला नाही. आज भेगाळलेल्या टाचांच्या क्रीमवर घटकांच्या यादीत ‘युरिया’ दिसतो, तो कारखान्यातलाच असतो आणि कातडीत पाणी धरून ठेवण्याचं काम चोख करतो. उलट, तंबाखूतलं निकोटीन शंभर टक्के नैसर्गिक आहे आणि ते कातडीतून शरीरात शिरून माणसाला आजारी पाडू शकतं. म्हणून बाटलीवरच्या ‘नैसर्गिक’ या शब्दाला मी फारशी किंमत देत नाही. अमेरिकेत तर सौंदर्यप्रसाधनांसाठी या शब्दाची कायदेशीर व्याख्याच नाही.

‘कमी रसायनं’ या विचाराला मात्र अर्थ आहे. वस्तू कमी, घटक कमी, सुवास कमी, हवेत उडणारं कमी, नाल्यात जाणारं कमी. त्यासाठी सामू समजून घ्यावा लागतो.

सामू म्हणजे एखादं पाणी किती आंबट किंवा किती अल्कलीकडे झुकलेलं आहे याचं माप. शुद्ध पाणी ७. त्याखाली आम्ल, त्यावर अल्कली. एक अंक सरकला की ताकद दहापट बदलते. लिंबाचा रस २ ते २.५ च्या आसपास, व्हिनेगर साधारण २.५, खाण्याचा सोडा ८.३, साबण ९ ते १०, धुण्याचा सोडा ११ च्या घरात, ब्लीच त्याहून वर. हे डोळ्यांनी बघायचं असेल तर लाल जास्वंदीच्या पाकळ्या गरम पाण्यात भिजवा. ते पाणी व्हिनेगरमध्ये टाकलं की गडद गुलाबी होतं, धुण्याच्या सोड्यात टाकलं की हिरवं. लहान मुलांबरोबर हे करून बघाच. मला अजूनही मजा येते.

आता मळ. घरातला चिवट मळ मुख्यतः दोन जातींचा असतो. एक तेलकट: स्वयंपाकघराच्या भिंतीवरचा, शेगडीवरचा, कॉलरवरचा. दुसरा दगडासारखा: किटलीच्या तळाचा, नळाच्या तोंडाचा, शॉवरच्या भोकांतला, जड पाणी वाळून बसलेला क्षार. तेलकट मळ अल्कलीला शरण जातो. धुण्याचा सोडा गरम पाण्यात विरघळवला की तो चरबीचा काही भाग चक्क साबणात बदलतो आणि बाकीचा सुटा करतो. दगडी मळावर सोडा कितीही घासा, फरक पडत नाही. तिथे आम्लच लागतं.

किटलीचं उदाहरण घेऊ. तळाशी पांढरा-पिवळट खरखरीत थर आहे. तो मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. त्यावर पाणी आणि दोन चमचे सायट्रिक आम्ल, म्हणजे दुकानात मिळणारं लिंबूसत्त्व, घालून गरम करा. थराच्या कडेपासून बारीक बुडबुड्यांच्या माळा वर येऊ लागतात. हा फेस मात्र खरा कामाचा, कारण इथे मळच विरघळतोय. पाच-दहा मिनिटांत पापुद्रे सुटतात, अर्ध्या तासात तळ चकचकतो. व्हिनेगरनेही होतं, पण नंतर दोन दिवस वास जात नाही. लिंबूसत्त्वाला वास नाही आणि जागाही कमी लागते, म्हणून मी व्हिनेगर जवळजवळ सोडलंय.

याच गोष्टीची दुसरी बाजू मला महागात पडली. संगमरवरसुद्धा कॅल्शियम कार्बोनेटच. टेबलाच्या संगमरवरी पाटीवर मी ‘नैसर्गिक’ म्हणून लिंबाचं पाणी मारलं, पुसलं, आणि उजेडात तिरपं बघितलं तर जिथे जिथे थेंब पडले होते तिथे चकाकी गेलेले मंद ठिपके. डाग असता तर निघाला असता; इथे दगडच खाल्ला गेला होता. चुनखडीची फरशी, सिमेंटचे जोड, मोती, प्रवाळ यांनाही आम्ल चालत नाही. त्यांना साधं पाणी आणि सौम्य द्रवसाबण. अल्कलीचीही अशीच नावडती मंडळी आहेत: अ‍ॅल्युमिनियम काळं पडतं, लोकर आणि रेशीम खराब होतं.

धुण्याचा सोडा मिळत नसेल तर खाण्याचा सोडा ओव्हनमध्ये २०० अंश सेल्सियसला तासभर पसरून ठेवा. त्यातलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड उडून जातो, १०० ग्रॅमचे साधारण ६३ ग्रॅम उरतात आणि तो धुण्याचा सोडा झालेला असतो. हातमोजे घाला, ही पूड खाण्याच्या सोड्याइतकी मवाळ नसते. खाण्याचा सोडा स्वतः फार दुबळा अल्कली आहे. त्याचा खरा उपयोग घासायला: कण बारीक आणि मऊ, काचेला किंवा स्टीलला सहसा ओरखडा न पाडणारे.

चांदीसाठी मात्र सोड्याचा एक वेगळाच खेळ आहे. भांड्याच्या तळाला अ‍ॅल्युमिनियमची फॉइल अंथरा, वर काळवंडलेला चमचा फॉइलला टेकवून ठेवा, सोडा टाकून उकळतं पाणी ओता. काळपटपणा म्हणजे चांदीला चिकटलेलं गंधक. ते गंधक चांदी सोडून अ‍ॅल्युमिनियमकडे जातं, सडक्या अंड्यासारखा हलका वास येतो, आणि चमचा आपोआप उजळतो. घासून चांदी झिजते, इथे ती जाग्यावरच राहते. खडे जडवलेल्या किंवा मुद्दाम काळपट ठेवलेल्या दागिन्यांवर हे करू नका.

आता साबण. साबणाच्या रेणूचं एक टोक पाण्याला धरतं आणि दुसरं तेलाला, म्हणून तेलाचे थेंब पाण्याबरोबर वाहून जातात. साबण म्हणजे तेल आणि अल्कली यांचं अपत्य, माणसाने फार जुन्या काळापासून बनवलेलं ‘केमिकल’. त्याची एकच मोठी खोड: जड पाण्यातल्या कॅल्शियमशी त्याची गाठ पडली की पांढरी चिकट साय बसते. घरी साबण किसून त्यात सोडा मिसळून केलेली कपड्यांची पावडर काही महिन्यांनी टॉवेल कडक आणि पाणी न शोषणारे का करते, याचं कारण ही साय. डिटर्जंटला हा त्रास फारसा होत नाही, म्हणून पाणी जड असेल तर सुवासरहित साधं डिटर्जंट, तेही डब्यावर लिहिलंय त्याहून थोडं कमी, हा मला घरच्या पावडरीपेक्षा प्रामाणिक पर्याय वाटतो. रिठ्यातही साबणासारखं काम करणारी सॅपोनिनं असतात. नाजूक कपड्यांना रिठा छान, चिखलाने माखलेल्या पायमोज्यांना नाही.

स्वच्छ करणं वेगळं आणि निर्जंतुक करणं वेगळं. रोजच्या घराला पहिलंच पुरतं. साबण-पाणी जंतूंना मारण्यापेक्षा जास्त वेळा वाहून नेतं, आणि तेवढं पुरेसं असतं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१६ मध्ये हात धुण्याच्या ‘जंतुनाशक’ साबणांतले ट्रायक्लोसानसह १९ घटक बंद केले, कारण घरगुती वापरात ते साध्या साबण-पाण्यापेक्षा सरस आहेत हे उत्पादकांना दाखवता आलं नाही. म्हणजे इथे कमी रसायनांचा पर्याय हा जास्त शहाणा पर्यायही निघाला. पण घरात कुणाला उलट्या-जुलाब आहेत, किंवा कच्चं मांस कापलेली फळी आहे, तेव्हा व्हिनेगरवर विसंबू नका. ते जंतुनाशक म्हणून भरवशाचं नाही. ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड चालतं. काही मिनिटं ओलं राहू द्यावं लागतं, मग त्याचं पाणी आणि ऑक्सिजन होऊन जातो. उजेडात ते आपोआप विघटित होतं, म्हणून बाटली गडद रंगाची असते. ते पारदर्शक स्प्रेच्या बाटलीत भरून ठेवू नका.

मिश्रणांबद्दल मी जरा कडक आहे. ब्लीच आणि कुठलंही आम्ल, मग ते व्हिनेगर असो, लिंबू असो की संडास साफ करायचं लिक्विड, एकत्र आलं की क्लोरीन वायू निघतो. पहिल्या महायुद्धात २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधल्या ईप्रच्या रणांगणावर जर्मन सैन्याने सोडला तोच वायू. ब्लीच आणि अमोनिया मिळून क्लोरामाइनं होतात, तीही फुप्फुसांना घातक. व्हिनेगर आणि हायड्रोजन पेरॉक्साइड एका बाटलीत घातलं तर पेरॅसिटिक आम्ल तयार होतं, डोळे आणि घसा जाळणारं. यातल्या कितीतरी वस्तू ‘घरगुती उपायां’च्या यादीत शेजारी शेजारी असतात. बंद न्हाणीघरात, खाली वाकून घासताना, आधीच्या लिक्विडवर दुसरं ओतण्याचा मोह होतो. एक वापरलं की भरपूर पाण्याने धुवा, दार उघडा, आणि दुसरं दुसऱ्या दिवशी.

सुवासाचंही असंच. संत्र्याच्या सालीच्या तेलातलं लिमोनीन हवेतल्या ओझोनशी संयोग पावून थोडं फॉर्माल्डिहाइड आणि अतिसूक्ष्म कण तयार करतं. तेल नैसर्गिक आहे म्हणून हवेतलं रसायनशास्त्र थांबत नाही. टी ट्री तेल मांजरांना विषारी ठरू शकतं. ते पंजाला लागलं की मांजर चाटणारच, आणि तिच्या यकृताला असले पदार्थ पचवायला जमत नाही. घराला वास येत असेल तर आधी तो कुठून येतोय ते शोधा आणि खिडकी उघडा. स्वच्छ घराला वास नसतो.

बागेत

बागेत ‘नैसर्गिक’ शब्दाचा सगळ्यात मोठा गोंधळ आहे, कारण तिथे आपण मळ काढत नसतो, जीव मारत असतो. आणि निसर्गातल्या वस्तूंना जीव घेता येत नाही असं कुणी सांगितलं? रोटेनोन नावाचं कीटकनाशक काही वनस्पतींच्या मुळांतून मिळतं. सेंद्रिय शेतीत ते दीर्घकाळ वापरलं गेलं. मग २००० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ते सतत दिलेल्या उंदरांमध्ये पार्किन्सनसारखी लक्षणं दिसली, आणि पुढे अनेक ठिकाणी पिकांवरचा त्याचा वापर थांबला. मोरचूद आणि चुना यांचं बोर्डो मिश्रण १८८५ च्या सुमारास फ्रान्समध्ये द्राक्षवेलींसाठी पुढे आलं आणि आजही सेंद्रिय शेतीत चालतं. पण तांबं हा धातू आहे, तो कुजत नाही. वर्षानुवर्षं मातीत साठतो आणि गांडुळांना बाधतो. म्हणून युरोपीय संघाने ७ वर्षांत हेक्टरी २८ किलो तांब्याची मर्यादा घातली आहे.

तेव्हा बागेत ‘हे कुठून आलं?’ याआधी मी तीन गोष्टी विचारते: हे किती दिवस टिकतं, कुणाकुणाला मारतं, आणि मारायची खरंच गरज आहे का?

गुलाबाच्या कोवळ्या शेंड्यावर मावा पडलाय असं समजा. हिरवे, टाचणीच्या डोक्याएवढे किडे, कळीच्या देठाला दाटीवाटीने चिकटलेले. पानं चिकट झाली आहेत, मुंग्या वर-खाली करत आहेत. मुंग्यांचा स्वार्थ आहे: मावा सोडतो तो गोड द्रव त्या पितात आणि बदल्यात माव्याची राखण करतात. पहिला उपाय फुकटचा. शेंडा दोन बोटांत धरून पाण्याचा जोराचा फवारा मारा. खाली पडलेला मावा सहसा वर चढत नाही. दोन-तीन दिवसांआड तीनदा केलं की बहुतेक वेळा काम भागतं. फवारण्याआधी नीट बघा: काळसर, नारिंगी ठिपक्यांची, इवल्याशा मगरीसारखी दिसणारी अळी फिरत असेल तर हात लावू नका. ते ढालकिड्याचं पिल्लू आहे आणि मोठं होईपर्यंत ते शेकड्यांनी मावा खातं. मी पहिल्या वर्षी त्यांनाच कीड समजून वेचून टाकलं होतं.

पाण्याने भागलं नाही तर साबण. पण साबणच, भांडी घासायचं लिक्विड नव्हे. ते तेल काढण्यासाठीच बनवलेलं असतं आणि पानावरचं मेणही काढून टाकतं. झाडांसाठीचा पोटॅशियम साबण मिळतो, १ ते २ टक्क्यांचं द्रावण करून मारायचा. तो मावा, पिठ्या ढेकूण, लाल कोळी अशा मऊ अंगाच्या किडींवर चालतो, तोही ओला असेपर्यंत आणि अंगावर पडला तरच. वाळला की निष्प्रभ. हाच त्याचा गुण: उद्या येणाऱ्या मधमाशीला त्याचा त्रास नाही. संध्याकाळी मारा, पानाच्या खालच्या बाजूने मारा, आणि आधी एका फांदीवर मारून दोन दिवस थांबा.

कडुनिंबाच्या तेलाबद्दल लोकांची तक्रार असते की ‘मारलं, पण किडे जिवंतच आहेत.’ बरोबर आहे. बियांच्या तेलातलं अझाडिरॅक्टिन किड्याला जागच्या जागी मारत नाही. कात टाकण्याच्या त्याच्या संप्रेरकांत गोंधळ घालतं आणि त्याची भूक घालवतं. लहान किडा मोठाच होत नाही. परिणाम दिसायला आठवडा जातो. उन्हात ते काही दिवसांत विघटित होतं, म्हणून पुन्हा फवारावं लागतं. काही बाटल्यांमध्ये अझाडिरॅक्टिन काढून घेतलेलं शुद्ध तेल असतं. ते नुसतं किडीला तेलात गुदमरवतं, तेव्हा लेबल वाचा. लिटरभर कोमट पाण्यात ५ मिलि तेल आणि साबणाचे काही थेंब, खूप हलवायचं, आणि त्याच दिवशी संपवायचं.

व्हिनेगर आणि मीठ ओतून तण मारण्याची कृती मात्र मी कुणालाच सांगणार नाही. ५ टक्क्यांचं व्हिनेगर वरची पानं करपवतं, मूळ खाली जिवंत, पंधरा दिवसांत पुन्हा अंकुर. मीठ तर मातीत राहतं आणि पुढे तुम्हाला जे लावायचंय त्यालाही जगू देत नाही. २० टक्क्यांचं ‘बागेसाठीचं व्हिनेगर’ डोळ्यात उडालं तर कायमची इजा करू शकतं. तणाला पाच ते आठ सेंटिमीटर जाडीचं पालापाचोळ्याचं आच्छादन घाला, खोडापासून चार बोटं दूर ठेवून. उजेड मिळाला नाही की बी रुजत नाही. ओल टिकते, गांडुळं येतात, काही फवारावं लागत नाही. कंटाळवाणा उपाय आहे, म्हणून त्याचे व्हिडिओ फारसे चालत नाहीत.

टोमॅटोच्या बुडाला काळा खड्डा पडला की एप्सम सॉल्ट घालायला सांगतात. तो खड्डा फळापर्यंत कॅल्शियम न पोचल्याने पडतो, बहुतेक वेळा पाणी कधी भरपूर कधी काहीच नाही असं झाल्याने. एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम. मुळं शोषून घेताना ते कॅल्शियमच्याच आड येतं. तिथे पाणी नियमित घालणं हाच उपाय.

अंगाला लावायचं

कातडीच्या पृष्ठभागाचा सामू साधारण ४.५ ते ५.५, म्हणजे किंचित आंबट. त्या आंबटपणात कातडीची तेलं नीट तयार होतात आणि उपद्रवी जंतूंना जम बसवता येत नाही. आता वर दिलेले अंक आठवा. खाण्याचा सोडा ८.३, लिंबू २. एक या टोकाला, दुसरं त्या टोकाला. सोड्याने केस धुणं, सोडा काखेत लावणं काहींना महिनाभर बरं वाटतं आणि मग लाल चट्टा उठतो, तो यामुळेच.

लिंबाचं प्रकरण आणखी वाईट. लिंबूवर्गीय फळांत, विशेषतः हिरव्या लिंबात, फ्युरानोकुमारिन नावाची द्रव्यं असतात. रस हातावर राहिला आणि ऊन लागलं की एक-दोन दिवसांनी कातडी भाजल्यासारखी लाल होते, फोड येतात, आणि मग रस जिथून ओघळला होता त्याच रेषेत तपकिरी पट्टे उमटतात, बोटांमध्ये, मनगटावर. ते जायला आठवडे, कधी महिने लागतात. ‘लिंबाने रंग उजळतो’ म्हणून चेहऱ्यावर चोळून उन्हात बसणाऱ्यांच्या चेहऱ्यावर नेमके उलटे डाग पडतात.

अ‍ॅल्युमिनियम नको म्हणून बाजारातला घामरोधक सोडून तुरटीचा खडा वापरणारे बरेच भेटतात. तुरटी म्हणजे पोटॅशियम अ‍ॅल्युमिनियम सल्फेट. वापरायला हरकत नाही, पण अ‍ॅल्युमिनियम टाळल्याचं समाधान मात्र मानू नका. काखेच्या वासाला जंतू कारणीभूत असतात. रोज धुणं, कोरडं ठेवणं आणि सुती कपडे याने बऱ्याच जणांचं भागतं. खोबरेल तेल कोरड्या हातापायांना उत्तम, मुरुमांच्या चेहऱ्याला नको. ऊन अडवायला कुठलंही वनस्पती तेल पुरत नाही. तिथे झिंक ऑक्साइडचं मलम, टोपी आणि सावली. दातांना कोळशाची पूड घासून पांढरेपणा येतो तो दातावरचं आवरण झिजवून, आणि कीड रोखण्याचा सिद्ध गुण फ्लोराइडचा आहे, कोळशाचा नाही. फुटलेल्या टाचांना पेट्रोलियम जेली. नैसर्गिक म्हणून तिला कुणी मिरवत नाही, पण वास नाही, पाणी नाही, टिकवणारा पदार्थ नाही, अ‍ॅलर्जी क्वचितच. कमी घटकांची याहून साधी वस्तू मला तरी माहीत नाही.

टिकवणाऱ्या पदार्थांवरून जेवढी भीती पसरलीय तेवढी कशावरूनच नाही, आणि त्यातलं एक प्रकरण सगळ्यांनी लक्षात ठेवावं असं आहे. २००४ मध्ये स्तनाच्या कर्करोगाच्या गाठींत पॅराबेन हा टिकवणारा पदार्थ सापडल्याचा एक अभ्यास आला. गाठी पॅराबेनमुळे झाल्या असं त्यातून सिद्ध होत नव्हतं, पण डबे-बाटल्यांवर ‘पॅराबेनमुक्त’ झळकू लागलं. क्रीममध्ये पाणी असतं, पाण्यात जंतू वाढतात, तेव्हा पॅराबेन काढलं तर दुसरं काहीतरी घालावंच लागतं. बऱ्याच ठिकाणी मिथाइलआयसोथायाझोलिनोन आलं. काही वर्षांत त्वचारोगतज्ज्ञांकडे खाजऱ्या, सुजलेल्या चेहऱ्यांची रांग लागली. २०१३ साली अमेरिकन कॉन्टॅक्ट डर्माटायटिस सोसायटीने त्याला ‘वर्षातला अ‍ॅलर्जीकारक’ ठरवलं आणि पुढे युरोपने अंगावर राहणाऱ्या क्रीमांतून त्याला बाहेर काढलं. पॅराबेनमधलेही पाच प्रकार युरोपने २०१४ मध्ये बंद केले. मिथाइल आणि इथाइल मात्र मर्यादेत चालू आहेत. ‘ग्रेपफ्रूटच्या बियांचा अर्क’ हा नैसर्गिक टिकाऊपणा देतो म्हणून खपतो. प्रयोगशाळांनी तपासलं तेव्हा कित्येक नमुन्यांत बेंझेथोनियम क्लोराइडसारखी कृत्रिम जंतुनाशकं निघाली.

यातून सुटायचा सोपा मार्ग पाणी टाळण्याचा आहे. तेल, मेण, शिया किंवा कोको बटर यांचं बिनपाण्याचं मलम घरी केलं तर त्याला टिकवणारं काही घालावं लागत नाही, फक्त ओली बोटं डब्यात घालायची नाहीत आणि तेल खवट झालं की टाकायचं. पाणी, गुलाबजल किंवा कोरफडीचा गर आला की हिशोब बदलतो. कोरफडीचा गर बाटलीत भरून तो ‘शुद्ध’ म्हणून पंधरा दिवस चेहऱ्याला लावणं म्हणजे जंतूंची पैदास अंगाला चोळणं. मी एकदा काकडीच्या पाण्याचा स्प्रे करून फ्रीजमध्ये ठेवला होता. नवव्या दिवशी बघितलं तर तळाशी करडा, कापसासारखा पुंजका तरंगत होता. त्याआधीचे तीन-चार दिवस पाणी अगदी नितळ दिसत होतं आणि मी ते चेहऱ्यावर मारत होते. आता असलं काही केलंच तर वाटीभर करते आणि उरलेलं झाडाला घालते.

सुगंधी तेलं लावायची असतील तर तीही जपून. लॅव्हेंडरमधलं लिनालूल आणि संत्र्यातलं लिमोनीन ताजं असताना बरंच सौम्य असतं. हवा लागून जुनं झालं की त्यातून तयार होणारे पदार्थ अ‍ॅलर्जी आणतात. वर्षभर अर्धी पडलेली बाटली अंगाला लावू नका. कुठलीही नवी वस्तू, घरची असो की विकतची, कोपराच्या आतल्या बाजूला रोज दोनदा, सात दिवस लावून बघा. अ‍ॅलर्जी पहिल्या दिवशीच दिसते असं नाही, ती पाचव्या दिवशीही उठते. आणि लेबल वाचताना ‘सुवासरहित’ (फ्रॅग्रन्स-फ्री) व ‘बिनवासाचं’ (अनसेंटेड) यांत फरक करा: बिनवासाच्या डब्यात मूळ वास झाकायला घातलेला दुसरा सुवास असू शकतो. घटकांच्या यादीत ‘परफ्यूम’ किंवा ‘फ्रॅग्रन्स’ हा एकच शब्द दिसतो, त्यामागे मात्र डझनावारी पदार्थ दडलेले असू शकतात.